उलट न बोलणारी

त्या सभेला मी गेले ती हेमांगीला सोबत म्हणून. श्रावणातला सोमवार होता. पिशवीत राजगिऱ्याचे दोन लाडू आणि पाण्याची बाटली घेऊन मी जळगावच्या त्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसले. पुढे सगळी तरुण मुलं. हेमांगी माझी मुलगी, आणि तिच्या शेजारी बसलेला कुंदन माझ्या जेठांचा, थोरल्या दिरांचा, मुलगा. दोघांत तीन महिन्यांचं अंतर. दोघं रावेरच्या एकाच घरात वाढली, एकाच ताटात जेवली, आणि आता दोघांनाही पुण्याच्या एकाच संस्थेत एमबीएला जायचं होतं.

क्लासवाले नवल सर बोलत होते. आवाज मोठा, पण माणूस तळमळीचा वाटला.

"मार्क सगळेच आणतात," ते म्हणाले. "प्रवेश देणाऱ्यांच्या टेबलावर हजार अर्ज असतात आणि हजारांचे मार्क चांगले असतात. मग ते काय बघतात? ते बघतात, तुम्ही तिथे नसता तर काय अडलं असतं. निबंधात ते लिहा. आणि एक शिफारसपत्र लागतं, जिथे काम करता तिथल्या मोठ्या माणसाचं. ते तुम्हाला बघायला मिळत नाही, थेट संस्थेकडे जातं. त्यात गोड गोड नको. त्यात तुमचा हट्ट पाहिजे. कुठे अडून बसलात, कोणाशी भांडलात, त्यातून काय सुधारलं."

"सर, भांडणाचं सर्टिफिकेट कुठे मिळतं?" मागून एकानं विचारलं. मुलं हसली.

"घरी मिळतं," सर म्हणाले. "लक्षात ठेवा, ते मार्क नाही बघत, माणूस बघतात."

मी लाडूचा डबा उघडत होते. एवढं सगळं ऐकलं, पण मनात राहिलं ते शेवटचं वाक्य. माणूस बघतात. म्हणजे संस्कार बघतात, असं मी समजले. मला बरं वाटलं. म्हटलं, मग हेमांगीला काय कमी आहे?

आमचं केळीचं पॅकहाउस आहे, केळी धुऊन खोक्यांत भरायचं, रावेरच्या बाहेर. मालक माझे जेठ, प्रेमराजभाऊ. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, कुंदन तेवढा पप्पा. माझे यजमान होते तेव्हा ते दोघं मिळून बघायचे. यजमान गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी दोन गोष्टी धरल्या. रोज पूजा झाल्यावर रामनामाचं एक पान लिहायचं, आणि खोटं बोलायचं नाही. आबांनी आम्हा मायलेकींना कधी काही कमी केलं नाही. त्यामुळे त्यांच्यापुढे आवाज चढवण्याचा प्रश्नच नव्हता. हेमांगीलाही मी तेच शिकवलं. चांगलं झालं तर देवानं केलं म्हणावं, मोठ्यांनी केलं म्हणावं. आपण पुढे पुढे करू नये.

ती शिकली, पण सगळं नाही.

कॉलेज झाल्यावर चार वर्षं ती पॅकहाउसला जात होती. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात व्यापाऱ्यानं आमचा आखातात जाणारा एक कंटेनर नाकारला. केळीवर चिकाचे काळे डाग होते. फणी कापली की देठातून चीक गळतो, तो खालच्या फळावर सुकला की डाग निघत नाही. आबांनी केळी धुण्याच्या हौदावरच्या बायकांना शिव्या घातल्या, दोघींना कामावरून काढलं आणि विषय संपवला.

हेमांगी आठवडाभर हौदाशी बसून राहिली. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून येणारी जमना तिला सांगायची. पाणी दिवसभर एकच असतं. फणी कापली की तशीच ढिगावर टाकतात. आम्हाला डाग दिसतो, पण फणी बाजूला काढायला मुकादमाला विचारावं लागतं, आणि मुकादम म्हणतो, चालव. मग हेमांगीनं दोन हौद केले. आधी फण्या देठ खाली करून पानांवर निथळायच्या, मग साधं पाणी, मग तुरटीचं. दर ट्रॅक्टरला पाणी नवं. आणि डागी फणी काढून टाकायचा हक्क जमनाला, कोणाला न विचारता.

आबा भडकले. "बायका माल फेकणार आणि मी बघत बसणार?"

मी त्या दिवशी डबा घेऊन गेले होते, म्हणून मला माहीत. हेमांगी त्यांच्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण हललीही नाही. "आबा, जमना काढेल ती फणी खोक्यात जाणार नाही. हे बंद करायचं असेल तर आधी मला काढा."

चाळीस बायका हात थांबवून बघत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी येऊन मी तिला आबांच्या पाया पडायला लावलं. ती पडली. पण हौद दोनच राहिले. त्यानंतर आमचा एकही कंटेनर परत आला नाही. काढलेल्या दोघी बायकाही हळूच परत आल्या.

तर शिफारसपत्राचं असं झालं. कार्तिक महिना होता, मी काकड्याहून आले होते. आबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "कामिनी, हेमाच्या कॉलेजला माझं पत्र पाहिजे म्हणे. माझ्याच्यानं लिहिणं होत नाही. तुझं अक्षर चांगलं, तूच लिही. कुंदन त्याचं इंग्रजी करेल, मी सही करतो. आपल्या पोरीत काही खोट नाही, चांगलं भरभरून लिही."

मी रामनामाच्या वहीतलाच एक कागद काढला. देवासमोर बसून लिहिलं. ते पत्र मला अजून पाठ आहे.

'चिरंजीव हेमांगी आमच्या केळीच्या कामात चार वर्षांपासून मदत करते. मुलगी स्वभावाने सालस आहे. मोठ्यांचा मान राखते. कोणाला उलट बोलत नाही. सांगितलेले काम मन लावून करते आणि केलेल्या कामाचे श्रेय कधी घेत नाही. घरच्यांना विचारल्याशिवाय कोणताही निर्णय घेत नाही. जिथे जाईल तिथे सर्वांची मने जिंकेल.'

'उलट बोलत नाही' लिहिताना पेन थांबलं होतं. हौद आठवला. पण ते लिहायचं म्हणजे आबांनी स्वतःच्या अपमानाखाली सही करायची, आणि परक्या लोकांना कळायचं की मुलगी तोंड वर करून बोलते. भाजल्याचा डाग आपण पदराखाली झाकतो ना, तसं मी ते झाकलं. मला वाटलं, मुलीचं भलं करतेय. खोटं लिहितेय असं वाटलंच नाही. पत्र लिहून मी त्याला कुंकवाचं बोट लावलं होतं.

कुंदननं ते वाचलं. "काकू, हे असंच करू?"

"का रे, काही चुकलं?"

"नाही. तसं छान आहे," तो म्हणाला. आबांनी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही कागदांवर सही केली.

असलं पत्र नडेल हे कुंदनला माहीत होतं. तो माझ्यापेक्षा जास्त शिकलेला. पण त्याचंही एक गुपित होतं, म्हणून तो गप्प बसला असेल.

ते गुपित पौषात फुटलं. कुंदन स्वतःचा निबंध हेमांगीला दाखवायला स्वयंपाकघरात आला. त्याला आकडे तपासून हवे होते. तिनं वाचला आणि कागद खाली ठेवला.

"हे तर हौदाचं आहे."

"मग? आपल्याच पॅकहाउसचं आहे ना."

"तू तेव्हा नाशिकला होतास, कुंदन."

"फोनवर तर होतो. आणि पप्पांचा धंदा म्हणजे माझाच ना उद्या. तू पण लिही, कोण नाही म्हणतंय? घरचंच आहे. तुझं माझं काय त्यात."

"मीही तेच लिहिलंय," ती म्हणाली. "गेल्याच आठवड्यात पाठवलंय."

"मग काय, दोघांचं एक. चालतंय."

ती माझ्याकडे वळली. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, "भावाला होतंय तर होऊ दे. देव बघतो." तिनं पेन घेतलं आणि त्याचे आकडे दुरुस्त करून दिले.

मुलाखतीला दोघांनाही बोलावणं आलं. हेमांगी परत आली ती भुसावळला उतरून, पहाटेच्या गाडीनं. मी पूजेला बसले होते. ती माझ्या मागे भिंतीला टेकून बसली आणि पूजा व्हायची वाट बघू लागली. मग सांगितलं.

"आई, तिथे एक मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, तुमच्याच पॅकहाउसमधून दुसरा अर्ज आहे, त्यातही हाच हौद आहे. मग हौद कोणाचा? मी म्हटलं, माझा. तर म्हणाल्या, तुमच्या मालकांचं पत्र म्हणतं की ही मुलगी विचारल्याशिवाय निर्णय घेत नाही. कोणाला उलट बोलत नाही. तुम्ही निबंधात म्हणता, मालकांसमोर अडून उभी राहिले. मी कोणतं खरं मानू?"

"मग?"

"माझ्या तोंडून निघून गेलं, आबांना विचारा." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "मॅडम म्हणाल्या, तेच तर."

त्या दिवशी दुपारी तिनं कुंदनला ओसरीवर गाठलं. मी तिथेच वाती वळत होते.

"पत्र तू केलंस ना?"

"इंग्रजी मी केलं. मजकूर माझा नाही."

"मग कोणाचा?"

कुंदननं माझ्याकडे पाहिलं. माझी बोटं कापसावर तशीच राहिली. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "पप्पांचा."

"आबांनी आयुष्यात चार ओळी लिहिल्यात का कधी? तूच लिहिलंस. स्वतःचा हौद सुटायला नको म्हणून मला सालस करून टाकलंस."

"तू काही पण समज."

मी वात पुरी केली आणि दुसरी घेतली. मी खोटं बोलले नव्हते. मला कोणी विचारलंच नव्हतं. अशी मी मनाची समजूत घातली, आणि त्या दिवशीही रामनामाचं पान पूर्ण लिहिलं.

चैत्रात निकाल लागला. कुंदनचं झालं, हेमांगीचं नाही. आबांनी सबंध गल्लीत पेढे वाटले. कुंदन आमच्या देवापुढे पुडा ठेवायला आला तेव्हा हेमांगीनं त्यातला एक उचलला.

"अभिनंदन, दादासाहेब. पुण्यात कोणी हौदाचं काही विचारलं तर फोन कर हं. मी सांगेन तुला तू काय केलंस ते."

कुंदन हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही.

आबांना मात्र वाईट वाटलं, मनापासून वाटलं. ते म्हणाले, "पोरीचं पण चांगलं करून टाकू." आणि त्यांनी धुळ्याला फोन लावला. तिथले तोताराम नाना त्यांच्या ओळखीचे. त्यांचा नातू स्वप्नील नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला. मुलगा चांगला होता, हे मी आजही सांगेन. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी यायचं ठरलं. पसंती झाली तर तिथेच सुपारी फोडायची.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. गल्लीत झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली. हेमांगी झोक्याकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं वेचत होते तिथे ती आली.

"आई, आज मी त्यांच्यासमोर नाही म्हणणार आहे. भांडण नाही करणार. मला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचाय, तोवर लग्न नको, एवढंच सांगेन. ह्या वेळी पत्र व्यापाऱ्याचं घेईन. आबांचं नको, त्या कुंदनचा हात नको. व्यापाऱ्याला माहितीये हौद कोणाचा ते."

"आबांना काय वाटेल?"

"वाटू दे. तू काही बोलू नकोस. फक्त माझ्या बाजूला उभी राहा. एवढं करशील?"

"उभी राहीन," मी म्हटलं. हातात फुलं होती, देवाची होती, म्हणून ते वचनच झालं.

धुळ्याची मंडळी अकराच्या सुमाराला आली. तोताराम नाना, स्वप्नील, त्याची आई दिपमालाबाई आणि दोघं चौघं. नाना मोकळे, गमतीचे, अहिराणीत बोलणारे. रस प्यायले, मिशी पुसली आणि म्हणाले, "पोर चांगली शे, घर चांगलं शे, बठ्ठं चांगलं शे. आते इचारानं काय?"

हेमांगी ताट घेऊन उभी होती. मी तिच्या बाजूला. ती म्हणाली, "नाना, मला थोडं बोलायचंय."

"बोल ना, बेटा," आबा म्हणाले. "पण त्याच्या आधी हे ऐका." आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडीचा कागद काढला. मी कुंकवाचं बोट ओळखलं. "आम्ही पोरीची तारीफ आज तुमच्यासाठी नाही करत. हे पुण्याच्या कॉलेजला दिलेलं पत्र. मी जपून ठेवलंय. वाचा, वहिनी."

दिपमालाबाईंनी वाचलं, मोठ्यानं, सावकाश. सालस. मान राखते. उलट बोलत नाही. श्रेय घेत नाही. विचारल्याशिवाय निर्णय घेत नाही. प्रत्येक वाक्याला कोणीतरी मान हलवत होतं. ओसरीवर बसलेल्या कुंदननं उठून चपला घातल्या आणि तो बाहेर निघून गेला.

"अजून काय पाहिजे हो?" दिपमालाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "आजकाल असं कोण लिहितं? आणि अक्षर तर रांगोळीसारखं. कोणाचं आहे?"

आबा कौतुकानं माझ्याकडे वळले. सगळे वळले. हेमांगी वळली.

खोटं बोलायचं नाही, हे मी अकरा वर्षं पाळत आले. "माझं," मी म्हटलं.

"नुसतं अक्षर?" हे हेमांगीनं विचारलं. हळू विचारलं.

"मजकूरही."

तिनं ताट खाली ठेवलं. पेल्यांचा आवाज झाला नाही, इतकं जपून ठेवलं.

तेव्हा मला बोलता आलं असतं. दोन वाक्यं होती, तोंडात तयार होती. हे पत्र खोटं आहे. माझी मुलगी उलट बोलते, आणि ती बोलली म्हणून आमचं पॅकहाउस चालतंय. पण समोर पाहुणे, आबांचं बोट त्यांच्या सहीवर, आणि दिपमालाबाई मला नमस्कार करायला पुढे सरकलेल्या. मी उभी राहिले. उभी राहीन एवढंच म्हणाले होते.

"पोरी," नाना म्हणाले, "तुले काही बोलानं व्हतं ना?"

हेमांगीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी सोसलं असतं. व्यापाऱ्याला कंटेनर दाखवताना ती खोकं उघडून आतली फणी बघायची ना, तसं बघत होती.

"काही नाही," ती म्हणाली.

"बघा," नाना हसले, "पत्र खरं शे."

आबांनी खलबत्ता मागवला. सुपारी पहिल्याच घावाला फुटली. सगळे म्हणाले, शकुन चांगला. पाहुण्यांना कुंकू मी लावलं, विधवा म्हणून आबांनी मला कधी मागे ठेवलं नाही.

मंडळी गेल्यावर मी तिच्याशी बोलायला गेले. ती साडी बदलून पॅकहाउसला निघाली होती. एक ट्रॅक्टर यायचा होता.

"हेमा, अजून आबांना सांगता येईल. मी सांगते. व्यापाऱ्याचं पत्र घेऊ, पुढच्या वर्षी..."

"व्यापारी मला चार वर्षं ओळखतो, आई. तू सव्वीस वर्षं ओळखतेस." तिनं चपला घातल्या. "तुला मी अशी हवी होते, तर तो वेगळं लिहून काय उपयोग? चल माझ्याबरोबर. वही घे."

मी रामनामाची वही घेतली आणि तिच्या मागे गेले. हौदावर बायका बसल्या होत्या. जमनानं माझ्या बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं आणि ती समजली.

"ताई, तू धुळ्याले गेली तं इथं कोन पाहीन?"

"आई पाहील," हेमांगी म्हणाली. "कुंदन पुण्याला, मी तिकडे. आई, लिही."

मी वहीचं शेवटचं पान उघडलं. ती हौदाच्या काठावर बसून सांगत गेली, मी लिहीत गेले. फणी कापल्यावर देठ खाली करून निथळू द्यावी. ढीग करू नये. हजार लिटरच्या हौदाला एक किलो तुरटी. दर ट्रॅक्टरला पाणी बदलावं. डागी फणी काढायची की नाही ते जमना ठरवेल. मुकादमाला विचारायचं नाही. आबांना विचारायचं नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. खाली सही कोणाची घ्यायची?"

"सही नको. भिंतीला चिकटव."

ज्येष्ठात लग्न झालं. कुंदन पुण्याला गेला. आता पूजा झाली की मीच पॅकहाउसला जाते. कागद हौदावरच्या भिंतीला आहे, वर प्लास्टिक लावलंय. जमनाला वाचता येत नाही. आबा हौदाकडे फिरकत नाहीत. तो कागद तिथे रोज वाचणारी मी एकटी.